आभाळाचं झाकण

स्वर्गारोहणाच्या सणाला त्या चर्चमध्ये येशू खरोखर वर जायचा. म्हणजे लाकडाचा. माणसाएवढा उंच, पन्नास किलो वजनाचा, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, आणि डोक्यामागे केसांच्या बटांत बेमालूम लपवलेली लोखंडी कडी. चर्चच्या छताला बरोबर मधोमध विहिरीच्या तोंडाएवढं एक गोल भोक होतं. एरवी त्यावर छतासारखंच निळं रंगवलेलं झाकण असायचं. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ते झाकण बाजूला व्हायचं, वरून दोर खाली यायचा, आणि गाणं सुरू झालं की मूर्ती जमीन सोडायची. तीन मजल्यांएवढी उंची चढायला तिला गाण्याची सहा कडवी लागायची. सातव्याला पाय दिसेनासे व्हायचे आणि झाकण लागायचं.

दोर मात्र कुणाला दिसत नसे. भोकाच्या वरच्या कप्पीपासून थेट मूर्तीच्या डोक्यापर्यंत पांढऱ्या मलमलीची एक लांबलचक नळी लोंबायची. दोर तिच्या पोटातून जायचा. मूर्ती वर सरकू लागली की मलमल खालून गोळा होत जायची, फुगायची, आणि शेवटी येशू ढगात शिरल्यासारखाच दिसायचा. त्या नळीला सगळे ढगच म्हणत. ‘ढग धुवायला काढलाय’, ‘ढगाला उंदीर लागलेत’ अशी वाक्यं त्या चर्चमध्ये कुणी हसण्यासाठी बोलत नसे.

हे सगळं वर माळ्यावरून चालवायचा मान मिस्त्रींच्या घराण्याचा. मिस्त्री म्हणजे सुतार. खिडक्या-दारं करणारा, हाताचा पक्का, नाकावर माशी बसू न देणारा माणूस. माळ्यावर लाकडी रहाट होता, एका हाताने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने दोर घट्ट ताणून रहाटावर नीट बसवत जायचा. बेचाळीस वर्षं मिस्त्रींनी तो फिरवला होता. माळ्यावर दिवा लावायचा नाही, पायात काही घालायचं नाही आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही, असे तीन नियम. खालच्यांना वर फक्त अंधार दिसला पाहिजे. वरून कुणी शिंकलं तरी आभाळाचा पोपट होतो, असं मिस्त्री म्हणत.

मिस्त्रींची मुलगी लिफ्ट दुरुस्त करायची. दवाखाने, कचेऱ्या, उंच इमारती, सगळीकडे तिला ‘लिफ्टवाली’ म्हणत, आणि आता तर घरीही कधीकधी आई तिला तशीच हाक मारी. बापाने मुलीला रंधा शिकवायचा तर ही लोखंडाच्या दोरांच्या मागे लागली, याचं मिस्त्रींना थोडं वाईट वाटायचं आणि पुष्कळ कौतुक वाटायचं. कौतुक ते बोलून दाखवत नसत.

लिफ्टवालीला या सणाची लहानपणापासून धास्ती होती. सहा वर्षांची असताना तिने ते लाकडी पाय भोकात शिरताना पाहिले, धाडकन झाकण लागलं, आणि आपले बाबाही वरच आहेत हे तिच्या लक्षात आलं. तिने असं काही भोकाड पसरलं की अख्खं चर्च हसलं. मोठी झाल्यावर रडणं गेलं, पण पोटातला गोळा तसाच राहिला. सगळे आनंदाने गात असताना हिला वाटायचं, गेला की माणूस. आणि आपण खाली नुसते माना वर करून उभे.

मागच्या वर्षी त्या गोळ्याला कारण मिळालं. पाचव्या कडव्याला, मूर्ती छताजवळ असताना, ती अचानक हातभर खाली आली आणि गचका खाऊन थांबली. गाणाऱ्यांचा सूर फाटला. मग मूर्ती पुन्हा हळूहळू वर गेली. मिस्त्री खाली उतरल्यावर लोकांना म्हणाले, “दोर बसला जरा. जुना झालाय.” लोकांचं समाधान झालं. लिफ्टवालीचं झालं नाही. दोर असा बसत नाही. दोर एक तर धरलेला असतो किंवा सुटलेला असतो.

आणि यंदा खाली तिची मुलगी उभी राहणार होती.

येशू दिसेनासा झाला आणि शिष्य आभाळाकडे टक लावून राहिले, तेव्हा पांढऱ्या कपड्यातले दोघे त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले, असं सांगतात. त्या दोघांसाठी दर वर्षी दोन मुली निवडत. त्या सुरुवातीपासून मूर्तीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहत आणि झाकण लागलं की लोकांना विचारत, की बाबांनो, असे वर काय बघत राहिलात. यंदा एक शिंपीणबाईंची मुलगी होती आणि दुसरी लिफ्टवालीची आठ वर्षांची पोर. तिला सगळे चिमणी म्हणत.

“बाबा, पोरींना जरा बाजूला उभं करू या,” लिफ्टवाली महिनाभर आधीच म्हणाली होती. “खांबाजवळ. तिथूनही ऐकू येईल.”

“देवाच्या पायाशी उभं राहायला मिळावं म्हणून लोक नंबर लावतात,” मिस्त्री म्हणाले. “आणि तुला काय माझ्या हातावर भरवसा नाही?”

हा प्रश्न आला की त्या घरात बोलणं संपायचं. तरी या वेळी तिने हेका सोडला नाही. नवा दोर आणीन, मीच ओवीन, आणि त्या दिवशी मीही माळ्यावर येईन. आईने मध्ये पडून होकार मिळवला. “ती झाकण सरकवेल, खिट्टी बघेल. रहाट तुम्हीच फिरवा,” आई म्हणाली. मिस्त्री नाही म्हणाले नाहीत.

मंगळवारी लिफ्टवालीने जुना तागाचा दोर काढला. अंगठ्याएवढा जाड, काळपट, जागोजागी केसाळ झालेला. त्या जागी तिने नवा नायलॉनचा दोर ओवला, तोही जाडच, पण गुळगुळीत. वाळूची दोन पोती लटकवून सकाळपासून दुपारपर्यंत ठेवली. दोर तसूभर हलला नाही. मिस्त्री शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी डाव्या हाताने नवा दोर एकदा धरून पाहिला, सोडून दिला आणि म्हणाले, “छान आहे.” बाबांच्या तोंडून ‘छान’ ऐकून ती इतकी सुखावली की त्यांनी तो हात लगेच खिशात का घातला, हे तिने पाहिलंच नाही.

बुधवारी संध्याकाळी फादरनी मुलींची तालीम घेतली. फादर म्हातारे होते, हळू बोलत, आणि मुलांना खोटं सांगत नसत.

“तो वर गेला म्हणजे त्यांना सोडून गेला का?” चिमणीने विचारलं.

“नाही. पण त्यांना तसंच वाटलं असणार,” फादर म्हणाले. “ते घरी गेले, दार लावून घेतलं आणि वाट बघत राहिले. दहा दिवस. पवित्र आत्मा उतरला त्या पेंटेकॉस्टपर्यंत.”

“घाबरले होते?”

“चांगलेच.”

“मग काय केलं त्यांनी?”

“एकत्र बसले,” फादर म्हणाले. “घाबरलेल्या माणसाला तेवढं जमतं.”

मागच्या बाकावर बसलेल्या लिफ्टवालीला ते बोलणं फार आवडलं. आज पहिल्यांदाच या सणाची तिची भीती कुणीतरी बरोबर ठरवली होती. घरी जाताना तिने चिमणीला बजावलं, “आणि हे बघ, मूर्ती दिसेनाशी होईपर्यंत जागेवरून हलायचं नाही. इकडे-तिकडे केलंस तर सगळ्यांचं लक्ष तुझ्याकडे जाईल.” नवा दोर तिचा स्वतःचा होता. तिला आता फक्त पोरीच्या चुळबुळीची काळजी उरली होती.

गुरुवारी सकाळी घरात गोंधळ. चिमणीच्या पांढऱ्या झग्याची शिवण उसवली, ती टाचताना वेळ गेला. मिस्त्री आठ वाजताच पुढे गेले. ती चर्चमध्ये पोचली तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते आणि बाक भरले होते. घाईघाईने चपला काढून ती माळ्याची शिडी चढली. सरळ भिंतीला टेकवलेली उभी शिडी, चोवीस पायऱ्या. वर मिट्ट काळोख, धुळीचा आणि कबुतरांचा वास. रहाटाशी मिस्त्री बसलेले दिसले, म्हणजे त्यांचा आकार दिसला.

“सगळं बघून झालंय,” ते कुजबुजले. “खाली मूर्तीला हूकही लावून आलो. आता बोलायचं नाही.”

तिच्या खिशात बॅटरी होती. रोजच्या कामात तिने ती काढली असती. आदल्या दिवशी स्वतः बसवलेला दोरसुद्धा ती सकाळी पुन्हा पाहायची, तिच्या हाताखालची माणसं त्यावरून तिची थट्टा करत. पण बाबांनी ‘बघून झालंय’ म्हटल्यावर त्यांच्या देखत बॅटरी मारणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडणं. तिने हात खिशाबाहेर काढला. अर्धवट सरकवलेलं झाकण पुरतं बाजूला केलं आणि भोकाच्या कडेशी पालथी पडून खाली पाहिलं.

उजेडाची विहीरच. खूप खाली मूर्तीचं डोकं, त्यावर टेकलेला ढग, आणि दोन्ही बाजूंना दोन पांढरे ठिपके. डावीकडचा चिमणीचा. भोवती गुडघे टेकलेली माणसं. पुढच्या बाकात आई. गाणं सुरू झालं. मागे रहाट करकरला आणि मूर्तीने जमीन सोडली.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसरंही. खिट्टी दात्यांवर टक्‌ टक्‌ पडत होती. रहाट उलटा फिरू नये म्हणून ती असते, आणि तिचा आवाज ऐकत राहणं एवढंच लिफ्टवालीचं काम होतं. खालचे सगळे चेहरे मूर्तीबरोबर वर वळत होते. चिमणीनेही मान वर केली होती. तोंड उघडं होतं.

तिसऱ्या कडव्याला टकटक थांबली. थांबली, एकदा पडली, पुन्हा थांबली. मागून बाबांचा श्वास ऐकू येत होता, जड, नाकातून. ती रांगत रहाटाकडे गेली. दांड्याला हातभार लावावा म्हणून तिने अंधारात हात पुढे केला आणि तो दोरावर पडला.

तळहाताला केस टोचले.

क्षणभर तिला कळेना की हे काय आहे. नवा दोर गुळगुळीत होता. हा खरखरीत, आणि याला जुन्या तागाचा कुबट वास. मग कळलं. तिने बॅटरी काढली, मूठभर उजेड बोटांत धरला. रहाट आणि कप्पी यांच्या मधल्या भागात तीन पेडांतला एक पेड तुटून वर उभा राहिला होता. उरलेल्या दोघांपैकी एकाचे धागे तिच्या डोळ्यांदेखत एकेक करून सुटत होते. अगदी सावकाश. दोर ताणाने किंचित गोल फिरत होता.

“बाबा, हा जुना दोर आहे.”

“हळू बोल,” मिस्त्री पुटपुटले.

“माझा दोर कुठाय?”

“सकाळी काढला. नंतर सांगतो. दिवा बंद कर.”

“पेड गेलाय, बाबा! खाली चिमणी आहे!”

“मला दिसतंय.” त्यांच्या कपाळावर घाम साचला होता. “दोन फेरे. फक्त दोन फेरे दिले की हा भाग रहाटावर येतो. पुढचा दोर चांगला आहे. मग काही होत नाही. कुणाला कळणारही नाही.”

भीतीची गंमत अशी, की ते म्हणत होते ते बरोबर होतं. दोन फेऱ्यांनी खराब भाग खरोखरच रहाटावर आला असता. लिफ्टवालीने मनातल्या मनात हिशेब केला. दोन फेरे म्हणजे आठ-दहा क्षण. आठ-दहा क्षणांनंतर बाबांची बेचाळीस वर्षं शाबूत, सण शाबूत, खाली कुणाच्या डोळ्याचं पातंही लवणार नाही. आणि नाही जमलं तर? दांड्याला हात लावताच ताण वाढणार. तेवढा तो दुसरा पेड सोसेल का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. ज्याने तो दोर पंचवीस वर्षं वापरला तोही नाही आणि जी रोज दोरच बघते तीही नाही.

“हात लावू नका,” ती म्हणाली. “रहाटाला हात लावू नका. मी ओरडते.”

“वेडी झालीस?” मिस्त्रींनी तिचं मनगट धरलं. उजव्या हाताने, घट्ट. “आजवर इथून कुणी आवाज काढलेला नाही. लोक काय म्हणतील? पोरी, तुझ्या पाया पडतो.”

बाबा तिच्या पाया पडायची भाषा करत होते. हे ऐकून तिला दोरापेक्षा जास्त भीती वाटली. तिने मनगट हिसकलं, भोकाशी आली आणि पोटातून ओरडली, “सरका! खालून सगळे सरका!”

गाणं थांबलं. तिचा आवाज छताखाली घुमला, भिंतींवर आपटून मोठा झाला. आणि खाली कुणीही हललं नाही.

उलट मागच्या बाकांवर बसलेले काही जण गुडघ्यांवर आले. कुणी छातीवर क्रूस काढला. एका म्हातारीने दोन्ही हात वर पसरले. इतक्या वर्षांत आभाळातून आवाज आलेला नव्हता, आणि या वर्षी फादरनी काहीतरी नवीन बसवलंय अशी सगळ्यांची समजूत झाली. ती पुन्हा ओरडली, “सरका म्हणते ना!” तर म्हातारी रडायला लागली, आनंदाने. फादर वेदीशी उभे होते, त्यांनी वर पाहिलं. पण त्यांना ऐकू कमी यायचं. चिमणी होती तिथेच होती. हलायचं नाही, असं आईने बजावलं होतं. जवळजवळ मूर्तीच्या तळव्यांखाली, मान वर करून.

मागे अंधारात काहीतरी तटकन तुटलं. मूर्ती वीतभर खाली आली आणि हेलकावे घेऊ लागली.

आणि मग लिफ्टवालीच्या तोंडून जो आवाज निघाला तो माळ्याचा नव्हता, सणाचा नव्हता; घरातला होता, शाळेला उशीर होतो तेव्हाचा. “चिमणे! कार्टे! आत्ताच्या आत्ता आजीकडे पळ, नाहीतर पाठीत एक धपाटा घालीन! आणि त्या शिंप्याच्या पोरीलाही ओढ!”

स्वर्गातून असं कुणी बोलत नाही हे चर्चला एकदम उमगलं. चिमणीला तर उमगायचा प्रश्नच नव्हता. त्या आवाजाला तिचे पाय परस्पर पळत. तिने शिंपीणबाईंच्या मुलीचा झगा धरला आणि दोघी पहिल्या बाकाच्या दिशेने धावल्या. बाक सरकले, माणसं एकमेकांवर कोसळत मागे हटली, कुणीतरी किंचाळलं. मधली फरशी मोकळी झाली. ती अजून पुरती मोकळी होत होती तोच मागे रहाटाशी फर्रकन आवाज झाला, तिच्या कानाजवळून दोराचं टोक सपकन गेलं, आणि भोकातून फक्त उजेड दिसला.

पन्नास किलो सागवान दगडी फरशीवर पडतं तेव्हा कसा आवाज होतो, हे त्या दिवशी दोनशे माणसांना कळलं. मूर्ती खांद्यापासून कंबरेपर्यंत उभी चिरली. आशीर्वादाचा हात तुटून वेदीच्या पायरीपर्यंत घरंगळत गेला. वरून मलमलीचा ढग सावकाश लहरत आला आणि तुकड्यांवर पसरला. जिथे चिमणीचे पाय होते, तिथे फरशीला टवका उडाला होता.

लिफ्टवालीने नजर बाकांवरून फिरवली. एक पांढरा झगा. दुसरा पांढरा झगा. आजीच्या पदराला धरून चिमणी वर बघत होती. तेव्हा कुठे लिफ्टवालीला श्वास सापडला, आणि श्वासाबरोबर रडूही. तिने कपाळ लाकडाला टेकवलं आणि तशीच पडून राहिली.

मागून काही आवाज येत नव्हता, म्हणून ती वळली. बॅटरी जमिनीवर पडली होती, तिच्या उजेडात मिस्त्री बसलेले दिसले. पळत्या दोराला त्यांनी डाव्या हाताने धरायचा प्रयत्न केला होता. तळहाताचं सालटं सोलून निघालं होतं, रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि ते त्या हाताकडे बघतही नव्हते.

“बाबा, हात!”

त्यांनी खाली पाहिलं. “अरे,” ते म्हणाले, दुसऱ्या कुणाचा हात असल्यासारखे.

“दुखत नाही?”

“त्याला काही कळत नाही.” ते म्हणाले, “दीड वर्ष झालं. बोटं धरतात, पण किती घट्ट ते कळत नाही. तुझा दोर हातातून निसटतो. मंगळवारी धरून पाहिला तेव्हाच समजलं. तागाचा जुना दोर जरा अडतो हाताला, म्हणून...”

तिला खूप राग आला. सांगितलं असतंत तर! एक शब्द! रहाट मी फिरवला असता, दोन कप्प्या जास्त लावल्या असत्या, तुमच्या हाताला काही करावंच लागलं नसतं. पण तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि मुकाट्याने त्यांच्या तळव्याभोवती आवळला. आपल्यालाही मागच्या वर्षी तो हातभर गचका दिसला होता आणि आपणही विचारलं नव्हतं, हे तिला आठवत होतं.

खाली आता आवाज उठला. आधी रडणं, मग बोलणं, मग ओरडणं. शिंपीणबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. “नवीन दोर आणला म्हणे! लिफ्टचा! बेचाळीस वर्षं कधी काही झालं नाही, आणि ही वर गेली आणि लगेच... माझी पोर मेली असती!”

“तिला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?” आणखी कुणी म्हणालं. “मिस्त्रींचं ऐकायचं ना!”

उद्यापासून ज्या ज्या इमारतीत लिफ्टवाली जाईल तिथे हे वाक्य तिच्याआधी पोचलेलं असणार होतं. हिच्या हातचा दोर तुटला. एवढं एक वाक्य तिच्या धंद्याला पुरेसं होतं. उत्तर तिच्याकडे होतं, पण ते उत्तर म्हणजे शेजारी बसलेला हा माणूस. त्याला वरून खाली ढकलावं, इतका राग तिला आला नव्हता.

मिस्त्री रहाटाला धरून उठले. दोन पावलं चालून गुडघ्यांवर बसले आणि भोकातून त्यांनी डोकं बाहेर काढलं.

बेचाळीस वर्षांत त्या भोकात कुणी माणसाचा चेहरा पाहिला नव्हता. खालचा गोंगाट ओसरला. टक्कल पडलेलं डोकं, त्याला चिकटलेली कोळिष्टकं, घामाने माखलेला चेहरा, तीन मजल्यांवर, निळ्या आभाळाच्या मधोमध.

“दोर मी बदलला,” मिस्त्री म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी मोठ्याने पुन्हा म्हटलं. “तिचा दोर चांगला होता. तो आज सकाळी मी काढला आणि जुना लावला. तिला न सांगता. माझा डावा हात कामातून गेलाय. मागच्या वर्षी मूर्ती निसटली तीही माझ्याच हातून. दोर बसला वगैरे काही नाही. मी खोटं बोललो.”

शिंपीणबाईंनी पोरीचं डोकं पोटाशी दाबून धरलं होतं. फादरच्या कानाशी कुणीतरी वाकून सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, तुटलेला लाकडी हात उचलून वेदीवर नीट ठेवला, आणि वर बघून म्हणाले, “मिस्त्री, खाली या. आम्ही थांबतो.”

मग ते पुढच्या बाकावर जाऊन बसले. उभे राहिलेले लोक एकमेकांकडे बघत, एकेक करून, त्यांच्या मागे बसले.

मिस्त्री शिडीशी आले आणि थांबले. चोवीस पायऱ्या. अलीकडे ते या शिडीवरून उतरताना कुणी जवळ आलेलं त्यांना चालत नसे. का चालत नसे ते आता लिफ्टवालीच्या लक्षात येत होतं. एक हात निकामी, त्यावर रक्ताने भिजलेला रुमाल. खाली पाहून त्यांनी डोळे मिटून घेतले.

“मला भीती वाटते गं,” ते म्हणाले.

“मलाही,” ती म्हणाली.

ती आधी उतरली. तीन पायऱ्या खाली जाऊन थांबली. वरून सगळा भार अंगावर आला तर दोघंही जाणार हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने छाती शिडीला टेकवली आणि एक हात वर केला. अंधारातून बाबांचा अनवाणी पाय खाली आला, हवेत चाचपडला, पायरी सापडेना.

“कुठे ठेवू?” त्यांनी विचारलं.

तिने तो पाय घोट्याशी धरला आणि पायरीवर आणून ठेवला.

“इथे,” ती म्हणाली. “आता दुसरा.”